पाणसळ, समुद्र आणि अणुघड्याळ

गेल्या महिन्यात विलेपार्ल्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता काळ आणि गुरुत्वाकर्षण. वक्त्यांनी तासाभरात मुद्दा नीट पोचवला: उंचावर ठेवलेलं घड्याळ सखल जागच्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालतं, आणि आजची सर्वांत बारीक अणुघड्याळं, म्हणजे अणूंच्या ठरलेल्या कंपनांवर वेळ मोजणारी यंत्रं, एका मिलिमीटरच्या चढाचाही फरक ओळखतात. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "दर पावसाळ्यात मिलन सबवे भरतो, अंधेरीचा भरतो, आणि आपण सेकंदाचा अब्जावा भाग मोजायला पैसे घालवायचे?" टाळ्या पडल्या. कॉलेजच्या एका मुलाने उलट विचारलं, की आइन्स्टाइनचा हिशेब धरला नाही तर मोबाईलवरचा नकाशा रोज अकरा किलोमीटर चुकेल, ते चालेल का? त्यालाही टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ककुद्मी राजा आणि रेवतीची कथा सांगितली आणि म्हणाले, हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. सर्वांत मोठ्या टाळ्या त्यांना मिळाल्या. चहा आला, सभा संपली. हे घड्याळ नेमकं मोजतं काय आणि ते मोजून मुंबईला काय कळेल, हे कुणी विचारलंच नाही.

मी एकतीस वर्षं सर्वेक्षणाचं काम केलं. या शहरातल्या नाल्यांच्या, रस्त्यांच्या, इमारतींच्या पायांच्या पातळ्या काढल्या. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही, पण उंची म्हणजे काय हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अणुघड्याळाने आइन्स्टाइनची परीक्षा घेण्याचे दिवस आता मागे पडले. त्या परीक्षेचा निकाल लागून दशकं लोटली. हे यंत्र आता उंची मोजायला लागलं आहे, गवंड्याच्या पाणसळीच्या आणि ओळंब्याच्या घराण्यात जाऊन बसलं आहे. समुद्राच्या पातळीपासून काही बोटांवर जगणाऱ्या मुंबईला त्याची गरज दिल्ली-बंगळुरूपेक्षा जास्त आहे. ते आपण इथे बनवलं पाहिजे, आणि त्यातलं एक कुलाब्याला बसवलं पाहिजे. त्या संध्याकाळी टाळ्या घेणारे तिन्ही मुद्दे या प्रश्नाच्या आसपाससुद्धा गेले नाहीत.

आधी फरक किती लहान आहे ते पाहू. लोअर परळमधल्या २८० मीटर उंच इमारतीच्या माथ्यावर एक अणुघड्याळ ठेवलं आणि तसंच दुसरं खाली रस्त्यावर ठेवलं, तर वरचं दिवसाला सुमारे २.६ नॅनोसेकंदांनी पुढे जाईल. वर्षभरात जेमतेम एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतका सूक्ष्म परिणाम पहिल्यांदा पृथ्वीवर पकडला गेला तो १९५९-६० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातल्या २२.५ मीटरच्या मनोऱ्यात. पाउंड आणि रेब्का यांनी तिथे घड्याळाऐवजी लोखंडाच्या अणूंतून निघणारे गॅमा किरण वापरले होते. १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग यांनी चार सीझियम घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. घड्याळांसाठी सीटा घेतल्या होत्या आणि तिकिटावर नाव होतं 'मिस्टर क्लॉक'. पूर्वेकडे फिरलेली घड्याळं घरच्या घड्याळांपेक्षा ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे फिरलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. उंचीने घड्याळ जलद होतं, वेगाने मंद होतं, आणि पूर्वेकडे जाताना विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो. तिन्हींचा हिशेब जुळला. २०१० मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमच्या आयनाची दोन घड्याळं फक्त ३३ सेंटिमीटर खाली-वर ठेवून फरक मोजला गेला. आपल्या जिन्याच्या दोन पायऱ्या झाल्या या. आणि २०२२ मध्ये त्याच गावात स्ट्रॉन्शियमच्या अणूंच्या एकाच पुंजक्यात, वरच्या टोकाचा काळ आणि मिलिमीटरभर खालच्या टोकाचा काळ वेगळा वाचता आला.

पन्नास-साठ वर्षांत मनोऱ्यावरून मिलिमीटरवर येणं हा निव्वळ विक्रमाचा भाग असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण फरक जसजसा बारीक पकडता येऊ लागला तसा प्रश्नच उलटा झाला. पूर्वी उंची माहीत असायची आणि घड्याळाचा फरक तपासायचा असे. आता घड्याळाचा फरक मोजून उंची काढता येते. एक सेंटिमीटर चढलं की घड्याळाची गती एकावर अठरा शून्यं इतक्या भागांत साधारण एका भागाने वाढते, आणि उत्तम प्रकाशीय घड्याळं, म्हणजे प्रकाशाच्या कंपनांवर चालणारी अणुघड्याळं, आज त्या अचूकतेला पोचली आहेत.

पण उंची कशापासून? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण साऱ्या वादाचं मूळ इथेच आहे. लेव्हल घेऊन काम करणाऱ्याला विचारा. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, स्क्रू फिरवत बुडबुडा मध्यावर आणायचा, मागच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर, स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) धरलेल्या माणसाला हात करायचा, आकडा वाचायचा, मग पुढचा. पन्नास पावलं पुढे, पुन्हा तेच. त्या बुडबुड्याला नकाशा कळत नाही, अक्षांश-रेखांश कळत नाहीत. त्याला फक्त गुरुत्वाकर्षण कळतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यात मी कलिना-कुर्ला भागात भिंतींवरच्या चिखलाच्या रेषांची पातळी घेत फिरत होतो. एकाच गल्लीत एका घरातली रेषा छातीला, शेजारच्या घरातली कमरेला. लोक शपथेवर सांगायचे की शेजाऱ्याकडे पाणी कमी होतं. लेव्हल लावली की दोन्ही रेषा बोटभरही न चुकता एका उंचीवर निघायच्या. पाणी सपाट होतं. जमिनी वर-खाली होत्या. डोळा फसतो, पाणी फसत नाही, कारण पाणीही बुडबुड्यासारखं गुरुत्वाकर्षणाचंच ऐकतं.

उपग्रहाच्या रिसीव्हरने हे काम भागत नाही. तो उंची देतो ती पृथ्वीच्या आकाराशी मिळत्याजुळत्या एका गणिती लंबगोलापासून. अपोलो बंदरावर पाण्याच्या काठाशी उभं राहून तो कच्चा आकडा वाचला तर उणे पन्नास मीटरांहूनही खाली येतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर समुद्राचं पृष्ठ त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगातला सर्वांत खोल असा खळगा. तरी तिथे जहाज घसरत नाही, कारण पाण्याच्या दृष्टीने तिथे उतारच नसतो. समुद्र शांत असता तर ज्या पृष्ठावर टेकला असता, तीच खरी समुद्रसपाटी. आणि या सपाटीची एक विलक्षण गोष्ट अशी, की तिच्यावर कुठेही ठेवा, विषुववृत्तावर वा ध्रुवावर, सगळी घड्याळं सारख्याच गतीने चालतात. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये लिहिलं होतं की विषुववृत्तावरचं घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा मंद चालेल. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम तोवर त्यांना सापडायचा होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे वेगाने पडणारा फरक गुरुत्वाकर्षण समुद्रसपाटीवर बरोबर भरून काढतं. म्हणजे समुद्रसपाटीची व्याख्या घड्याळाने करता येते: जिथे काळ सारखा चालतो ती सपाटी. पाणी कुठून कुठे वाहील, हे घड्याळ थेट सांगू शकतं.

आता त्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांकडे वळतो. त्यांचा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, कारण तो रास्त आहे. मुंबई तुंबते ती सेंटिमीटर मोजता न आल्यामुळे नव्हे. नाल्यांतला गाळ, आवळलेली मिठी नदी, खाडीत पडलेला भराव, भरतीची वेळ, ही कारणं मी स्टाफ धरून पाहिली आहेत. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांची १८६ पातमुखं, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी तोंडं, समुद्रात आणि खाडीत उघडतात, आणि त्यांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त सहा. बाकीच्यांना उधाणाच्या भरतीत बाहेर पाणी टाकता येत नाही. म्हणून तर उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं, बांधावी लागली. जगातलं कुठलंही घड्याळ नाल्यातला गाळ काढणार नाही. पण पैशांचा मुद्दा घेतला तर? केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचा सगळा खर्च आठ वर्षांत मिळून ६,००३ कोटी ६५ लाख रुपये आहे, आणि त्यात संगणक, दळणवळण, नवे पदार्थ असं सगळं आलं. घड्याळं हा एक भाग. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ या एका वर्षाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आहे. देशाच्या मोहिमेचा आठ वर्षांचा खर्च या एका शहराच्या एका वर्षाच्या बाराव्या हिश्शातही बसतो. गाळ घड्याळामुळे राहिलेला नाही, आणि घड्याळ बंद केल्याने निघणारही नाही.

तरी हे उत्तर मला स्वतःला पुरेसं वाटत नाही, कारण ते फक्त हिशेबाचं आहे. त्या प्रश्नामागे खोल धारणा आहे: आधी गरजा भागवाव्यात, मग असली मोजमापं करावीत. या धारणेची परीक्षा याच शहरात झालेली आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली. १८५९ साली मुंबईत नळाचं पाणीसुद्धा नव्हतं. विहार तलावाचं काम पूर्ण झालं १८६० मध्ये. विहिरी आटत होत्या, पटकीने माणसं मरत होती, आणि त्याच वेळी कुलाब्याला काही माणसं चुंबकसूचीच्या हालचाली ठरलेल्या वेळांना वहीत उतरवत बसली होती. पुढच्या रांगेतले गृहस्थ तेव्हा असते तर काय म्हणाले असते? आणि त्या काळाच्या मापाने ते चुकीचे ठरले असते का? २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतका कोसळलेला दिसतो. त्या वहीचा त्या दिवशी कुणालाही उपयोग नव्हता. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या नोंदी उघडल्या आणि त्या वादळाचा जोर आकड्यांत मांडला. आज विजेचं जाळं आणि उपग्रह अशा वादळात टिकतील का, या प्रश्नाची चर्चा मुंबईच्या त्या वहीशिवाय होत नाही. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी उपयोग झाला. कुठल्या समितीने एवढ्या मुदतीवर मंजुरी दिली असती?

याच वेधशाळेची दुसरी गोष्ट मला आणखी जवळची वाटते. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार हे उघड झालं. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस होते. ट्राम अडवा, असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि मोजणी बंदही पडू दिली नाही. १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला नेली, आणि दोन वर्षं कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक सांधता यावी. शहराला ट्रामही मिळाली, मोजणीही तुटली नाही. गरज आणि मोजमाप यांत एकाचीच निवड करावी लागते, असं मानणाऱ्यांनी अलिबागचा तो सांधा पाहावा.

कॉलेजच्या मुलाची बाजू माझीच बाजू आहे, म्हणूनच त्याच्या युक्तिवादातली चूक मला जास्त खुपते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, निव्वळ ३८ पुढे. प्रकाश तेवढ्या वेळात साडेअकरा किलोमीटर जातो, म्हणून 'रोज अकरा किलोमीटरची चूक' हे वाक्य सगळीकडे फिरतं. पण सगळेच उपग्रह सारखेच पुढे गेले तर त्या चुकीचा बराचसा भाग रिसीव्हरच्या स्वतःच्या घड्याळाच्या दुरुस्तीत विरून जातो. रिसीव्हर वेळांमधला फरक वापरतो. जे विरत नाही ते वेगळं आहे: उपग्रहाची कक्षा किंचित लांबट असली की तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो, आणि त्याचं घड्याळ ४६ नॅनोसेकंदांपर्यंत मागे-पुढे होतं. म्हणजे साधारण १४ मीटर. आपण उड्डाणपुलावर आहोत की खालच्या रस्त्यावर, हे चुकायला तेवढं पुरतं. अतिशयोक्तीने बाजू मजबूत होत नाही. एखादा जाणकार उठून ती खोडतो आणि सगळा मुद्दाच खोटा ठरल्यासारखं होतं. खरी गोष्ट तर जास्त बोलकी आहे. १९७७ मध्ये जीपीएसच्या तयारीसाठी एनटीएस-२ हा उपग्रह सोडताना काही अभियंत्यांना हा परिणाम होईल यावर विश्वासच नव्हता. म्हणून दुरुस्तीचं उपकरण बंद ठेवून वीस दिवस नुसती मोजणी केली. घड्याळ दहा लाख कोटी भागांत ४४२५ भाग जलद निघालं. गणित सांगत होतं ४४६५. मग बटण दाबलं. शंका घेणाऱ्यांना गप्प न करता त्यांच्यासाठी एक बटण ठेवलं गेलं, यात मला विज्ञानाची सगळी रीत दिसते.

रेवतीची कथा मलाही लहानपणापासून आवडते. लेकीला वर शोधायला ककुद्मी ब्रह्मलोकात जातो, तिथे गायन चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो, आणि परत येतो तो पृथ्वीवर युगं उलटून गेलेली. शेवटी रेवती बलरामाला दिली जाते. काळ सगळीकडे सारखा नसावा, ही कल्पना इतक्या जुन्या काळी सुचली, याचा आनंद जरूर मानावा. पण ती भौतिकाची साक्ष म्हणून पुढे केली की अडचण होते. पृथ्वीपासून वर जाऊन स्थिर बसणाऱ्याचं घड्याळ जलद चालतं. म्हणजे वर थांबलेली रेवती खालच्या लोकांपेक्षा जास्त म्हातारी व्हायला हवी. कथेत बरोबर उलटं घडतं. ब्रह्मलोक म्हणजे मीटरांत मोजायची उंची नव्हे, असं कुणी म्हणेल. मलाही तसंच वाटतं, आणि म्हणून तिला नॅनोसेकंदांच्या वादात ओढू नये. पूर्वजांचा अभिमानच बाळगायचा तर घटिकापात्राचा बाळगावा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं. दिवसरात्रीच्या साठ घटका. आजही काही घरांत लग्नमुहूर्ताला ती मांडतात. ते भोक किती असावं, पाणी किती असावं, हे कुणीतरी पुन्हा पुन्हा मोजून ठरवलं असणार. आपल्याकडे मोजणारे होते. त्यांच्या वाटेने जायचं तर मोजावं लागेल.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र त्या सभेत आलाच नाही. तो माझ्या व्यवसायातल्या मित्रांचा आहे. ते म्हणतात, लेव्हलिंगने आणि गुरुत्व मोजून हे काम आत्ताच होतं, स्वस्तात होतं आणि चांगलं होतं. ते बरोबर आहेत. २०१८ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी ट्रेलरवर बसवलेलं स्ट्रॉन्शियम घड्याळ आल्प्सच्या बोगद्यातल्या प्रयोगशाळेत नेलं आणि इटलीतल्या तोरिनोच्या घड्याळाशी ताडून सुमारे १,००० मीटरचा उंचीफरक काढला. उत्तर जुन्या पद्धतीशी जुळलं, पण घड्याळाच्या मोजमापात साधारण १८ मीटरची अनिश्चितता होती. जुन्या पद्धतीत वीस सेंटिमीटरही नव्हती. कुठल्याही नाल्याचा उतार मी आजही लेव्हल लावूनच काढेन. पण त्यानंतर दोनच वर्षांत तोक्योच्या स्कायट्री मनोऱ्यात ४५० मीटर वर आणि पायथ्याशी अशी दोन घड्याळं ठेवून जो फरक मोजला, त्याची अचूकता चार-पाच सेंटिमीटरांवर आली होती. अंतर कमी होतं, एकाच इमारतीतली तार होती, हे खरं. तरी दिशा कुठली आहे हे दिसतंच. शिवाय लेव्हलिंगमध्ये एक जन्मजात दोष आहे आणि तो आम्ही सगळे जाणतो: प्रत्येक तिपाईला कणभर चूक होते आणि ती पुढच्या तिपाईत जमा होते. दहा किलोमीटरांत काही मिलिमीटर. देशभर नेली की चूक किती होते? अमेरिकेच्या उंचीच्या सरकारी जाळ्यात एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे एक मीटरचा कल आला होता. घड्याळांना वाटेत तिपाया लागत नाहीत. दोन घड्याळं फायबरने जोडली की पन्नास किलोमीटर काय आणि हजार काय, चूक साचत जात नाही. म्हणून गल्लीत लेव्हल आणि देशाला घड्याळ.

मुंबईला हे का लागू आहे ते बघा. महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्यांचे नकाशे उघडले की पातळीपुढे टी.एच.डी. लिहिलेलं असतं, म्हणजे टाऊन हॉलच्या खुणेवरून धरलेली उंची. देशाच्या नकाशांवर मध्यम समुद्रसपाटीपासूनची उंची. उपग्रहाने मोजलं की लंबगोलापासूनची. एकाच मॅनहोलला तीन उंच्या आणि तिन्ही खऱ्या. अपोलो बंदराची भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे, या बाजूच्या समुद्रातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. पण तो मापक समुद्र मोजतो तो स्वतःच्या भिंतीपासून. भिंतच खचत असेल तर समुद्र चढल्यासारखा दिसेल. उपग्रह भिंतीची हालचाल सांगेल, पण पाण्याच्या दृष्टीने ती भिंत किती उंचीवर आहे हे सांगणार नाही. ती बाजू घड्याळ सांगू शकतं. इतकंच काय, चंद्र-सूर्याच्या ओढीने कुलाब्याची जमीनही दिवसातून दोनदा सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होते. शेजारची सगळी जमीन बरोबरच उचलली जाते म्हणून आम्हाला लेव्हलवर ते कधी दिसलं नाही. दूरच्या घड्याळाशी ताडलेल्या घड्याळाला ते दिसेल.

मग बाहेरून विकत का घेऊ नये? घेऊन पाहिलं आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम घड्याळं काही वर्षांत बंद पडली, आणि उपग्रह असून नसल्यासारखा झाला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ अवकाशात गेलं ते २९ मे २०२३ ला. मधली दहा वर्षं आपण दुसऱ्याच्या घड्याळावर अवलंबून होतो. या शहराला तरी हे नवं नसावं. १ जानेवारी १९०६ ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढची. गिरण्यांत कामगारांनी घड्याळ पुढे करण्याला विरोध केला, महापालिकेने स्वतःची 'बॉम्बे टाइम' सोडली नाही, आणि ती वेळ पन्नाशीच्या दशकापर्यंत शहरात टिकून होती. भांडण मिनिटांचं वाटलं तरी प्रश्न एकच होता, की वेळ ठरवणार कोण? आज प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते, आणि ते काम ती उत्तम करते. दिल्ली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून थोडी वर आहे. म्हणजे तिथलंच घड्याळ कुलाब्याला आणून ठेवलं तर ते दिल्लीच्या मागे दिवसाला सुमारे दोन नॅनोसेकंद पडेल.

हे मोजायला आपल्याकडे माणसं आहेत. क्वांटम मोहिमेचं संवेदन आणि मापनशास्त्राचं केंद्र पवईला आयआयटीत आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, भरतीमापकापासून काही किलोमीटरांवर. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत यटर्बियम आयनाच्या घड्याळावर काम चालू आहे. सुरुवात तर आणखी साधी होऊ शकते. २००५ मध्ये अमेरिकेत एका घड्याळवेड्या माणसाने तीन सीझियम घड्याळं घरच्या गाडीत घातली, मुलांना बरोबर घेतलं आणि शनिवार-रविवारी माउंट रेनियरवर मुक्काम केला. परतल्यावर गाडीतली घड्याळं घरच्या घड्याळांपेक्षा सुमारे २२ नॅनोसेकंद पुढे होती. अशीच घड्याळं मुंबईच्या एखाद्या कॉलेजने महाबळेश्वरला नेली तर दोन दिवसांत साधारण २५ नॅनोसेकंद मिळतील. त्या दिवशी उत्तर देणाऱ्या मुलाने ती गाडी भरावी, आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना बरोबर घ्यावं.

पण माझी खरी मागणी मोठी आहे. अपोलो बंदराच्या मापकाशेजारी एक प्रकाशीय घड्याळ, दुसरं पुण्यात, आणि मध्ये खंडाळ्याच्या घाटातून जाणारी फायबर. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, तेव्हा तिथलं घड्याळ रोज पाच नॅनोसेकंदांच्या थोडं पुढे धावेल. हे कागदावर आत्ताच काढता येतं. मला हवे आहेत त्या पाचाच्या दशांशचिन्हापुढचे आकडे, सेंटिमीटरपर्यंतचे, आणि तेही एका दिवसाचे नकोत. कुलाब्याच्या जुन्या वहीसारखे रोजचे, न चुकवता घेतलेले.